प्रवासाच्या दिवशीचे पाणी

रिपोर्ट आता फोनवर येतो. पूर्वी तो आणायला जावे लागे आणि लिफाफा लॅबच्या जिन्यातच उघडला जाई. आता फाइल उघडायची, पहिले पान सोडायचे आणि थेट क्रिएटिनिनच्या ओळीवर जायचे. किडनी किती काम करते ते रक्तातला हा आकडा सांगतो. आकडा वाढला की काम कमी झाले. आईच्या रिपोर्टमध्ये तो वर्षानुवर्षे १.२ किंवा १.३ असे. यंदा मे महिन्यात तो १.७ आला.

आईच्या पोटातली किडनी तिच्या धाकट्या भावाची, म्हणजे माझ्या मामाची. त्या ऑपरेशनला अकरा वर्षे झाली. तेव्हा एक डॉक्टर बोलता बोलता म्हणाले होते, की दहा-बारा वर्षे चांगली जातात, पुढचे पुढे. त्यांनी ते सहज म्हटले असेल, पण आमच्या घरात ते वाक्य मुदतीसारखे राहिले. सुरुवातीची काही वर्षे आई शिंकली तरी धावपळ होत असे. पुढे ती धावपळ थांबली आणि नुसते लक्ष ठेवणे उरले. तिचे पाय सुजलेत का, आवाज बसलाय का, जेवण कमी झालेय का. मी वृत्तपत्रात उपसंपादक आहे. संध्याकाळी पाने लावताना घरून फोन आला की शेजारचा सहकारी काही न विचारता माझे पान स्वतःकडे ओढून घेतो. त्यालाही सवय झाली आहे.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून फोनवर सांगितले, "गुरुवारी घेऊन या. पुन्हा तपासू. असाच आला तर बायोप्सी करावी लागेल."

बायोप्सी म्हणजे दवाखान्यात दाखल करून सुईने किडनीचा बारीक तुकडा काढायचा आणि शरीराने ती नाकारायला सुरुवात केली आहे का ते पाहायचे. अकरा वर्षांत ही वेळ आली नव्हती.

त्या रात्री जेवताना मी आईला प्रश्न विचारले. बातमीदाराला विचारावेत तसे, एकामागून एक.

"गोळी चुकली का एखादी?"

"नाही."

"गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी घेतलीस?"

"नाही घेतली."

"नक्की? सगळ्या गोळ्या वेळेवर?"

"नाही, अर्ध्या देवाला वाहिल्या," आई म्हणाली. "जेवू देतोस का आता?"

"मुंजीत बाहेरचं काही खाल्लंस?"

"भावाच्या नातवाची मुंज, आणि मी कोपऱ्यात बसून घरच्या डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. लोक म्हणाले असतील, सोवळं पाळतेय. अजून काय पाहिजे तुला?"

मुंज वैजापूरला होती, रक्त तपासायच्या आदल्या दिवशी. आईने जाऊ नये असे मला वाटत होते. गर्दी, ऊन, दोन्हीकडचा प्रवास. पण मामाच्या घरचे कार्य तिने चुकवणे शक्यच नव्हते. आम्ही सकाळी भाड्याच्या गाडीने गेलो आणि दिवेलागणीला परत आलो. जेवणाची वेळ सोडली तर तिने दिवसभर मास्क काढला नाही. मामा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आहेत आणि ओळख करून देणे हे काम त्यांना अजून आवडते. ते येणाऱ्या प्रत्येकाला आईपुढे आणून उभे करत होते.

"ही आमची अक्का. माझा अर्धा माल हिच्याकडं आहे."

"अर्धा, पण चांगला," आई मास्कमधून म्हणत होती. "तुझ्याकडं जो उरलाय तो दाखव आधी यांना."

लोक हसत होते. हा संवाद अकरा वर्षे चालू आहे आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आलेला नाही.

गुरुवारी आम्ही ओपीडीला गेलो. रिकाम्या पोटी रक्त दिले, मग गोळ्या, मग आईने डब्यातला उपमा खाल्ला, मग नंबर यायची वाट. आई नेहमीप्रमाणे पंख्याखालची खुर्ची धरून बसली. दुपारी नंबर आला. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, पाय दाबून पाहिले.

"पाणी किती पिता?"

"भरपूर," आई म्हणाली.

"तीन लिटर होतं?"

"होतं की."

डॉक्टरांनी ते लिहून घेतले. रिपोर्ट संध्याकाळी येणार होता. बाहेर ऊन असे होते की रिक्षाच्या सीटला हात लावता येत नव्हता. क्रांती चौकात बराच वेळ अडकलो. आई डोळे मिटून बसली होती. मला वाटले, घाबरली आहे.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि उभ्यानेच एक तांब्या पाणी प्यायली. मग दुसरा भरून घेतला. माझी बायको शाळेत शिकवते. तेव्हा सुट्टी असल्याने ती घरी होती. ओट्याशी उभी राहून ती पाहत होती.

"आई, सकाळपासून पाणी प्यायला नाहीत ना तुम्ही?"

"गोळ्यांबरोबर घोटभर घेतलं की."

"आणि नंतर?"

"नंतर कसं पिणार? तिथं जायचं कुठं मग? त्या बायकांच्या बाथरूमला कडी नाही, आणि आत पाऊल ठेववत नाही."

मी विचारले, "म्हणजे ओपीडीला जाताना पाणीच पीत नाहीस?"

"आदल्या संध्याकाळपासून कमी करते," आई म्हणाली. कुणी झोपायची वेळ विचारावी आणि सांगावी, तसे. "कुठंही जायचं असलं की तसंच. शाळेत होते तेव्हापासून."

"मुंजीच्या दिवशी?"

"कार्यालयात तीनशे माणूस आणि दोन संडास. तू जाऊन बघायचं होतंस."

बायको माझ्याकडे वळली. "असं काय बघताय? सगळ्याच बायका करतात. आमच्या स्टाफरूममध्ये शाळा सुटेपर्यंत कुणाची बाटली अर्धी होत नाही."

बसस्थानकावरच्या, बाजारातल्या, कचेऱ्यांमधल्या बंद स्वच्छतागृहांच्या बातम्या माझ्या हातून अनेकदा गेल्या आहेत. महिलांची कुचंबणा, हे शब्द त्या मथळ्यांसाठी ठरलेले. कुचंबणा म्हणजे नेमके काय, हे सांगणारे वाक्य त्या बातम्यांत नसे. ते आमच्या स्वयंपाकघरात त्या दुपारी समजले. मे महिन्यातला मुंजीचा अख्खा दिवस आई जवळपास पाण्याशिवाय राहिली होती आणि दुसऱ्या सकाळी तशीच रक्त द्यायला गेली होती.

संध्याकाळी रिपोर्ट आला. १.८.

मी डॉक्टरांना फोन करून पाण्याचे सांगितले. त्यांनी गुरुवारची नोंद काढून पाहिली.

"मला तर भरपूर म्हणाल्या."

"घरी असतात तेव्हा पितात."

"बरं. बायोप्सीचं थांबू जरा. तीन दिवस मोजून पाणी द्या, आणि रक्त घ्यायला घरीच माणूस बोलवा."

आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून पिण्याचे पाणी पिंपात साठवतात आणि आईचे वेगळे उकळतात. तीन दिवस बायको तिला तांब्या भरून देत राहिली आणि आई तक्रार करत राहिली. "म्हशीला दाखवतात तसं दाखवतेस," ती म्हणाली. पण प्यायली. रविवारी घरी रक्त घेतले. आकडा आला १.५.

आम्हाला हायसे वाटले. आईने लगेच मामांना फोन लावला आणि उतरल्याचे सांगितले. मामा म्हणाले, "बघ, माल पक्का आहे. वापरणारीच अडाणी." मीही त्या दिवशी फाइल पुन्हा उघडली नाही. कारण सापडले, आकडा खाली आला, एवढे पुरेसे होते.

सोमवारी डॉक्टरांचाच फोन आला. त्यांनी जुने रिपोर्ट काढून समोर ठेवले होते.

"त्या प्रत्येक ओपीडीला तहानलेल्याच येत होत्या ना? पहिल्यापासून?"

"हो."

"मग जुने १.२ देखील तसेच आलेले. नीट पाणी पिऊन आल्या असत्या तर त्याहून कमी दिसले असते. आज पाणी पिऊन १.५ आहे." मग म्हणाले, "पाण्यामुळे थोडं वाढलं होतं, ते उतरलं. पण जे उरलंय ते पाण्याचं नाही. बायोप्सी करून घेऊ."

हिशेब सरळ होता. तो मला आदल्या दिवशीच करता आला असता, पण घरातल्या आकड्याकडे कुणी तसे बघत नाही. मी आईला सांगितले. ती तेव्हा कोथिंबीर निवडत होती. तिने जुडी बाजूला ठेवली.

"दाखल व्हावं लागेल?"

"एक रात्र. आणि सुई टोचल्यावर बरेच तास पाठीवर सरळ झोपून राहायचं. उठायचं नाही."

"उठायचं नाही, म्हणजे भांडं लावणार." तिने पुन्हा जुडी घेतली. "तू नको थांबूस मग. तिला थांबू दे."

दाखल व्हायच्या आदल्या दिवशी बायको एकटी दवाखान्यात जाऊन वॉर्ड बघून आली. तिने तिथल्या मावशींशी बोलून घेतले, बाथरूम उघडून पाहिले आणि आल्यावर आईला सांगितले, "कडी आहे. पाणी आहे. पडदाही ओढता येतो."

"स्वच्छ?"

"आपल्यासारखं नाही. पण चालेल."

बायोप्सी झाली. मी बाहेर बाकावर बसून होतो. पाणी प्यावे म्हणून आईला तीन वेळा निरोप पाठवला. आत बायकोने तिला नळीने पाणी पाजले आणि आई प्यायली. घराबाहेर ती मागून पाणी प्यायल्याचे मला तरी आठवत नाही; या वेळी तिने ते मागून घेतले, असे बायको म्हणाली.

तुकड्याचा अहवाल पुढच्या आठवड्यात आला. शरीराने किडनी नाकारलेली नाही. ती जुनी झाली आहे. आत जागोजाग वण आहेत आणि वण भरून येत नाहीत. डॉक्टरांनी एक गोळी बदलली, एकीची मात्रा कमी केली. तीन महिन्यांनी होणारी तपासणी आता दर पंधरा दिवसांनी करायची आहे.

मामा बातमी ऐकून वैजापूरहून आले. आईने त्यांना चहा केला, स्वतःसाठी पाण्याचा ग्लास घेतला आणि दोघे समोरासमोर बसले. मामांनी बराच वेळ कचेरीतल्या बदल्या, कांद्याचा भाव, नातवाचे संध्या करताना झोपी जाणे, असे सगळे सांगून घेतले. मग म्हणाले, "अक्का, माझ्याकडं आता एकच आहे. नाहीतर ही काढून दुसरी दिली असती."

"मी घेतली नसती."

"का गं?"

"घरात आधीच एक वापरून बघितलीय."

मामा हसले, पण लवकर थांबले. कप तसाच ठेवून ते उठले. मी त्यांना वैजापूरच्या एसटीपर्यंत सोडायला निघालो. जिन्यात त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "किती वर्षं म्हणतात?"

"आकडा सांगत नाहीत, मामा."

"तू विचारलास?"

"नाही."

ते दोन पायऱ्या उतरले, कठड्याला धरून थांबले. "नको विचारूस," म्हणाले. "मला कळलं तर मी तिच्याशी पहिल्यासारखं बोलणार नाही."

मी स्कूटर काढली. रस्त्यात त्यांनी दुसरे काही विचारले नाही. पुढची तपासणी बुधवारी होती. त्या दिवसाची रजा टाकायची होती आणि रक्त न्यायला येणाऱ्या माणसाला फोन करायचा होता.