कल्लप्पाअण्णांची देवयानी

नवी पेठेतल्या फोटो स्टुडिओत मी रिटचिंग करायचो. निगेटिव्हवर नवरीच्या गालावरचे देवीचे वण पेन्सिलीनं भरायचे, नको तो काळा डाग पात्यानं खरवडायचा. हात लई बसला होता माझा, आणि तोंडाला तर लगामच नव्हता.

कल्लप्पाअण्णा गिरणीत फिटर. बायको गेलेली, मूलबाळ नाही. सुट्टीच्या राती माळवदावर दुर्बीण लावून एकटेच बसायचे. साल बहात्तरचं. सगळं सोलापूर ढगासाठी वर बघायचं आणि हे महाराज आभाळ मोकळं राहू दे म्हणायचे! गल्लीनं त्यांच्याशी बोलणंच टाकलं. मीही म्हणालो, "अण्णा, तुमचीच नजर लागली की पावसाला!"

ते हसले नाहीत. "महिपती, देवयानीच्या ताऱ्यांत आपल्यासारखीच दुसरी आकाशगंगा हाय. चक्रावानी. माज्या डोळ्यांत काचबिंदू हाय. डाक्टर म्हणतो, वरीसभर दिसंल. तेवढ्यात तिला फोटोत बघायचंय."

दुर्बिणीला कॅमेरा बांधून, ताऱ्याच्या चालीनं हातानं पेच फिरवत ते दीड-दीड तास थंडीत बसले. दोन रोल वाया गेले. तिसरा त्यांनी माझ्याकडे दिला.

रोल धुतला. एकच फोटो धड होता. चक्र शोधलं, पण चक्र कुठलं! निगेटिव्हवर ताऱ्यांचे नुसते काळे ठिपके, आणि मधोमध एक लांबट डाग. म्हातारा एवढा राबलाय, फोटो तरी स्वच्छ मिळू दे, म्हणून मी तो डाग अलगद खरवडून काढला. मोठा प्रिंट केला. लई शहाणा मी!

अण्णांनी प्रिंट भिंगाखाली धरला. कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले. "हितंच असाया पायजे हुती."

"तो डाग व्हय? काढला की अण्णा!"

बोलून गेलो आणि माझं मलाच कळलं, तो डाग म्हणजेच ती होती. वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले. "म्हंजी आली हुती," म्हणाले. "तू बघितलीस. कशी हुती?"

"लांबट... मधे दाट. कडंला इरत गेलेली."

"पीळ दिसत हुता?"

"व्हय."

दुसरा फोटो जमायच्या आतच, पुढच्या साली त्यांची नजर गेली. तरी रविवारी भिंत चाचपत यायचे. "सांग की रं, कशी हुती?" त्यांच्याशी बोलणारा दुसरा होता कोण? मी सांगायचो. दर खेपेला एखादा पीळ वाढवायचो, आणि त्यांचा चेहरा उजळायचा.

खरं सांगतो, मी तिला खरवडण्यापुरतीच बघितली होती.