बापाची लाकडं

कुडपणच्या हैबतीने आपल्या सरणाची लाकडं स्वतःच तोडून माळ्यावर रचली होती. भर पावसात मेलो तर सुकं लाकूड कुठून आणणार, म्हणून डोंगरावरचे म्हातारे ही तजवीज आधीच करून ठेवतात.

मुलाला, सहदेवला, मात्र त्याने हट्टाने खाली बिरवाडीला धाडलं होतं. "जा रे, तिथं पगार हाय, डॉक्टर हाय. इथं आजारी माणूस डोलीतच संपतो. पैसा आला की आयुष्य वाढतं." शिकलेली सगळी माणसं तेच सांगत होती.

सहदेव रसायनाच्या कारखान्यात लागला. तिथल्या वाफांनी छाती पोखरली आणि पंचेचाळिशीत, ऐन आषाढात तो गेला. गावी आणला तेव्हा बापाची लाकडं लेकाला लागली.

परवा नात निशिगंधा भूगोलाचं पुस्तक मोठ्याने वाचत होती, "देश श्रीमंत होतो तसं माणसांचं सरासरी आयुर्मान वाढतं. आपल्या देशाचंही वाढलं आहे."

"वाढलं ना?" हैबती कडाडला. "मग माझ्या सहदेवाच्या वाटणीची वर्षं कुणी गिळली, ते लिवलंय का गो त्यात?"

पोरीने पुस्तक मिटलं. ऐंशी उलटलेला हैबती कुऱ्हाड उचलून पुन्हा रानाकडे निघाला. पगार नाही, डॉक्टर नाही, आणि मरणही नाही.