शेवटच्या ओळीतले गायधनी

गाण्यातलं आपल्याला सगळं कळतं, फक्त गाणं तेवढं येत नाही, ही गोष्ट यादवराव गायधनींनी नाशकात कुणाला कळू दिली नव्हती. घरचं तीर्थोपाध्येपण धाकट्या भावाच्या गळ्यात टाकून ते सकाळी वाचनालयात येऊन बसत, ते पोटात कावळे ओरडेपर्यंत. संगीतावरची पुण्यामुंबईची मासिकं टेबलावर पसरायची, कोटाच्या खिशातून फूटपट्टी काढायची आणि अनुक्रमणिकेचं पान उघडायचं. त्याच्या पुढचं पान ते कधी उघडत नसत. दारच असं, तर घरात शिरून काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं.

"म्हणजे असं बघा," ते नाकातून सूर काढत. शेजारचा माणूस घाईने वर्तमानपत्र तोंडासमोर धरी, पण यादवरावांचं त्यावाचून काही अडत नसे. "ही अनुक्रमणिका आहे का? नाही. ही वाण्याकडची यादी आहे. लेखाचं नाव या भिंतीला, पानाचा आकडा त्या भिंतीला, आणि मधे ठिपके. ठिपके कशासाठी? तर डोळ्याने त्यावरून चालत जावं. अहो, डोळा म्हणजे काय सिंहस्थाला निघालेला बैरागी आहे? आता चौकट बघा. चारी कोपऱ्यांत मोर. मोर गातो का? नाही, केकाटतो. म्हणजे आत काय मिळणार ते संपादकाने चौकटीतच कबूल केलं. आणि ही सरस्वती. चित्राचा ब्लॉक इतका झिजलाय की वीणेच्या तारा गेल्या, नुसता दांडा राहिला. बाई लाटणं घेऊन पोळ्या करायला निघाल्यात. लेखकाचं नाव मुंगीएवढं, त्याची पदवी हत्तीएवढी. आणि तळाला काय? केसांचं तेल. सगळ्या लेखांना मिळून जेवढी जागा, तेवढी एकट्या तेलाला. एकूण काय, डोक्यासाठी जे काही आहे ते बाहेरून चोळायचं."

वर्तमानपत्र हलत नसे. यादवराव पुढचं मासिक ओढत.

असल्या अडाणी संपादकांना धडा शिकवण्यासाठी त्यांनी स्वतःचं मासिक काढलं होतं, 'स्वरकल्लोळ'. गावात त्याला नुसतं 'कल्लोळ' म्हणत, आणि यादवरावांना वाटे, ते लाडाने म्हणतात. सन छत्तीसच्या माघात मासिकाला वर्ष झालं. वर्धापनाचा अंक आणि पाठोपाठ पंचवटीतल्या एका धर्मशाळेच्या सभामंडपात रविवारचा सकाळचा जलसा, असा बेत ठरला. अंकातलीच मंडळी त्यात गाणार-वाजवणार होती, आणि मुख्य म्हणजे विंचूरचे खाजाखाँ गायला येणार होते. खाँसाहेब सहसा कुणाकडे जात नसत. ते आले म्हणजे यादवराव गाण्यातला माणूस आहे यावर शिक्का बसला. न आले, तर छापून वाटलेल्या आमंत्रणांसकट यादवरावांची शोभा. त्यांनी झोप सोडली होती ती एवढ्यासाठी.

पण खरा जीव अडकला होता अनुक्रमणिकेत.

"अरे केरू," भद्रकालीतल्या छापखान्यात ते खिळे जुळवणाऱ्याच्या डोक्यावर उभे राहून सांगत होते, "लेख कुठल्याही क्रमाने छाप. पण अनुक्रमणिका म्हणजे मैफल. मैफलीत आधी कोण गातो? लहान. शेवटी कोण? थोर. आजवर एका तरी संपादकाला हे सुचलं? नाही. म्हणून पहिल्या ओळीत सायखेड्याचे गोरक्षबुवा, भजनी ठेक्यावरचा लेख, बारीक टाईप. खाली घोटीचे पेटीमास्तर, त्याहून जाड. मग खाँसाहेबांनी सांगितलेल्या आठवणी, ठळक. पान खाली खाली रंगत गेलं पाहिजे."

"आन् त्याच्या खाली?" केरूने हातातला कागद उलटा करून पाहिला. "हितं आनखी येक हाय."

"ती शेवटची. 'समारोप : यादव गोविंद गायधनी.' सर्वांत मोठा टाईप लाव."

"खाँसायबापरीस मोठा टाईप नाय आपल्याकडं. सर्कशीच्या जाहिरातीचा लाकडी हाय, त्यो लावू?"

यादवरावांनी क्षणभरच विचार केला. "लाव," ते म्हणाले.

केरूने लावला. त्या पानावर यादवराव असे दिसत होते की आता वाघ सोडतील. शिवाय वाचक मठ्ठ असतात या खात्रीपोटी त्यांनी वरच्या बाजूला चौकटीत छापलं : 'रसिकांनी ही अनुक्रमणिका मैफल समजूनच वाचावी. जो खाली, तो थोर.'

अंक विंचूरला गेला. खाँसाहेबांना मराठी वाचता येत नसे. त्यांच्या भाच्याने, महेबूबने, चौकटीपासून सर्कशीपर्यंत सगळं पान वाचून दाखवलं.

रविवारी खाँसाहेब ठरल्या वेळी टांग्यातून उतरले. यादवराव हार घेऊन धावले. खाँसाहेबांनी मान पुढे केली, हार घालून घेतला, अत्तराचा फाया कानात नीट बसवला.

"गायधनीसाहेब, अंक बघितला. सुभानल्ला. आमच्यानंतर आपण गाणार म्हणे."

यादवराव हसले. मग हसणं अर्ध्यात थांबलं. "नाही, म्हणजे असं बघा, ते पान आहे. छापायचा क्रम नुसता."

"नुसता कसा? मैफल समजून वाचा, असं आपणच लिहिलंय. आम्ही समजलो."

"ते वाचकांसाठी, खाँसाहेब."

"आम्ही कोण मग? तबलजी?" खाँसाहेबांचा आवाज तसाच मऊ. "आज मैफल छापल्याबरहुकूम होणार. एवढी एकच शर्त. नसेल मंजूर तर टांगा उभा आहे."

सभामंडप भरला होता. यादवरावांना टांगा दिसला, मंडप दिसला, आणि कसंबसं "मंजूर" तोंडून निघालं. पुढचं पुढे बघू. खाँसाहेब एकदा भैरवी गाऊन मोकळे झाले की संपलं. भैरवीनंतर कोण कशाला बसतंय. या हिशेबाने त्यांना एवढा धीर आला की गोरक्षबुवा गाताना ते शेजाऱ्याला बुवांच्या पागोट्याचा बांधा कसा चुकला ते सांगू लागले.

पेटीमास्तर वाजवून गेले. खाँसाहेब बसले, आणि मंडपातली कुजबुज, खोकला, पानाच्या डब्यांचा खडखडाट, सगळं जागच्या जागी थांबलं. तोडी अशी रंगली की दारातले टांगेवालेसुद्धा आत येऊन बसले. मग एक ठुमरी झाली. लोक भैरवीची वाट पाहत सरसावून बसले. खाँसाहेबांनी शाल आवरली आणि ते बाजूला सरकले.

"भैरवी थोरांची," ते म्हणाले. "या, गायधनीसाहेब."

तंबोरे थांबले नाहीत. भैरवी झाली नाही म्हणून कुणी उठेना. जेवणाची वेळ टळून चालली होती. यादवराव पुढे येऊन बसले, कारण मागे जायला वाट नव्हती. मागून तंबोऱ्यावरच्या महेबूबने अदबीने विचारलं, "सूर कोणता लावू?"

गवयाला कुणी झोपेत विचारलं तरी तो पेटीची काळी एक की पांढरी चार ते सांगेल. पदव्यांचे, मोरांचे, सरस्वतीचे दोष यादवरावांना पाठ होते. स्वतःचा सूर कुणी कधी विचारला नव्हता.

"आहे तोच... राहू दे," ते म्हणाले.

तोच म्हणजे खाँसाहेबांचा. यादवरावांनी डोळे मिटून 'सा' काढला. नाकातून निघालेला तो 'सा' तंबोऱ्याच्या खाली कुठेतरी राहिला, वर यायला धडपडला, आणि फाटून खोकला झाला. मागच्या रांगेत कुणीतरी जिभेने सर्कशीच्या चाबकाचा आवाज काढला. पोरं फिदीफिदी हसली.

"घसा बसलाय," यादवराव खाँसाहेबांकडे वळून पुटपुटले. "आपणच भैरवी म्हणा, कृपा करून."

"आम्ही कशी म्हणावी? आपण आमच्या खाली. जो खाली, तो थोर."

"ते पान... ते पान चुकलंय, खाँसाहेब."

खाँसाहेबांनी कानामागे हात धरला. "जरा मोठ्या टाईपात सांगा."

मंडप हसून फुटला. यादवराव उभे राहिले. कान लाल, हातात घामेजलेलं उपरणं. "अनुक्रमणिका चुकली," ते म्हणाले, आणि या खेपेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "शेवटची ओळ खाँसाहेबांची."

"आता सूर लागला," खाँसाहेब म्हणाले. शाल परत मांडीवर घेतली आणि भैरवी सुरू केली.

गोरक्षबुवांच्या डोळ्यांना धार लागली. टांगेवाल्यांनी माना खाली घातल्या. यादवराव खांबाला टेकून बसले होते. पहिला अंतरा होईतो त्यांच्या कानांचा रंग मूळपदावर आला. दुसऱ्या अंतऱ्याला ते शेजारच्या माणसाकडे झुकले आणि, सम कुठे आली याची पर्वा न करता मान डोलावत, त्याच्या कानात म्हणाले, "आमच्या शब्दाखातर गातायत हं. एरवी खाँसाहेबांना भैरवी म्हणायला लावणं सोपं नाही."