तिसऱ्या दिवशी सापडलेला बिघाड

विजयकुमार टिपणीसांना तो बिघाड तिसऱ्याच दिवशी सापडला होता. सांगितला मात्र पंधराव्या दिवशी. मधल्या बारा दिवसांबद्दल त्यांनी पुढे कधी कुणापाशी तोंड उघडलं नाही, बायकोपाशीसुद्धा नाही.

२००९चा मार्च चालू होता. दुबईतल्या त्यांच्या कंपनीत वर्षापूर्वी चाळीस माणसं होती. मंदीत सहा उरली, आणि त्यांतले टिपणीस तर एका कामापुरतेच. रास अल खैमातल्या एका टाइल कारखान्याच्या भट्टीला कंपनीने गॅस आणि तापमान सांभाळणारा नवा कंट्रोलर बसवला होता आणि तो दिवसातून तीन-चारदा अचानक बंद पडायचा. मॅनेजर बदरुद्दीननी आडपडदा ठेवला नव्हता. "विजयभाई, ये बॉक्स चल गया तो काम खलास. आगे कुछ नहीं है."

काम संपलं की व्हिसा रद्द, आणि कंपनीचं घर सोडून आठवडाभरात गाशा गुंडाळायचा. इकडे दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरात, मुलीची, ओवीची, दहावीची परीक्षा सुरू झालेली. बायको सुचित्रा रोज संध्याकाळी विचारायची, "सापडलं का हो?" टिपणीस म्हणायचे, "अजून क्रॅश होतंय." यात शब्दाने खोटं काही नव्हतं.

बिघाड म्हणाल तर अगदी साधा. कंट्रोलरमधल्या नव्या चिपला मेमरीतला चार बाइटचा आकडा हवा तो चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच. जुनी चिप सोशिक होती, वेड्यावाकड्या जागेवरचा आकडाही दोन घासांत उचलायची. नवी जागच्या जागी थांबायची. सेन्सरकडून येणाऱ्या निरोपात तापमानाच्या आकड्याआधी कधी चार बाइटचा मजकूर असे, कधी तीन. चार असले की सगळं सुरळीत, तीन असले की कंट्रोलर बंद. टिपणीसांनी चार क्रॅशच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या आणि शेवटचा आकडा पाहिला. चारही पत्ते तीनवर संपत होते. उपाय एका ओळीचा होता: बाइट आधी नीट जागेवर उतरवून घ्यायचे, मग आकडा वाचायचा. ती ओळ त्यांनी लिहिली, तपासली, आणि लॅपटॉपवर बाजूला ठेवून दिली. ओवीचे पेपर पंचवीस तारखेला संपणार होते.

कंट्रोलर बंद पडला की भट्टीचे गॅसचे व्हॉल्व्ह हाताने सांभाळावे लागत. त्यासाठी कारखान्याने आठ माणसं ठेवली होती. त्यांत पोलादपूरकडचा महादू होता. मराठी बोलणारा साहेब भेटला म्हणून तो आपणहून चहा आणून द्यायचा. पंधराव्या दिवशी टिपणीस पोचले तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता.

"काय झालं रे?"

"काय न्हाय सायेब. काल मशीन बंद पडलं, घाईत हात बर्नरच्या पाइपाला लागला."

हा हात आपण भाजला, दुसऱ्या कुणी नाही, हे टिपणीसांना लख्ख कळलं. परीक्षेचे तीन पेपर बाकी होते. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि दुपारच्या आत ती ओळ कंट्रोलरमध्ये चढवली. घरी गेल्यावर त्यांनी सुचित्राला शांतपणे सांगितलं, "सापडलं. आता बॅगा काढायला लागू." ओवीने पुस्तकातून मान वर केली. "बट बाबा, दॅट्स गुड, राइट?" त्यांना वाटलं, हो, निदान एक गोष्ट आपण बरी केली.

कंट्रोलर आठवडाभर एकदाही थांबला नाही. मग बदरुद्दीननी बोलावलं. कारखाना खूश होता. उरलेल्या दोन भट्ट्यांनाही हाच बॉक्स बसवायचा होता, टिपणीसांचं काँट्रॅक्ट सहा महिन्यांनी वाढलं. "और वो मॅन्युअलवाली शिफ्ट कॅन्सल. आठों का व्हिसा खत्म, शुक्रवार को फ्लाइट."

बुधवारी दुसऱ्या भट्टीच्या पॅनेलमध्ये बॉक्स चढवताना मदतीला महादूच आला. त्याने डाव्या हाताने आणि खांद्याने बॉक्स पेलून धरला. टिपणीस स्क्रू लावू लागले.

"सायेब," महादूने हळूच विचारलं, "हे पन पयल्यासारखं चार दिस बंद पडंल न्हवं? पडलं तर आमाला थांबवून घेतील, मुकादम बोल्ला. पावसाच्या आत घरावर पत्रं चढवायचं हाय."

स्वतःच्या मुलीसाठी बारा दिवस गप्प बसलेल्या त्या माणसाने खाली मान घातली.

"नाही रे महादू. हे पहिल्या दिवसापासून चालेल."

"बरं," महादू म्हणाला. शेवटचा स्क्रू घट्ट होईपर्यंत त्याने बॉक्स हलू दिला नाही.