वाळूच्या पोत्याची जागा
नव्या चामड्याचा वास आला की तुमकूर रस्त्यावरचं धुकं आठवतं. नव्वदच्या दशकात आम्ही पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून एक आलिशान गाडी चाचणीसाठी लांबवर न्यायचो. अजून बाजारात न आलेली, म्हणून तोंडावर काळं कापड बांधलेली. मागच्या मऊ, नव्या चामड्याच्या सीटवर माणसांऐवजी वाळूची पोती. एका पहाटे बस चुकलेली फुलवाली हात करत होती. परक्याला बसवलं तर नोकरी गेलीच. ड्रायव्हर अण्णांनी एक पोतं रस्त्याकडेला उतरवलं, तिला बसवलं नि मला म्हणाले, "वजन तेवढंच की." शेवंतीची टोपली मांडीवर घेऊन ती बघता बघता झोपली. एरवी मुद्दाम खड्ड्यांत गाडी घालणारे अण्णा त्या दिवशी एकेक खड्डा चुकवत गेले. ती गाडी बाजारात आलीच नाही. आता वाटतं, तिचं सगळं सुख त्या एका अक्कानं घेतलं, तेही झोपेत.