प्रागमधलं खालचं घर

माझ्या भावाला घर निवडता येत नाही, हे मला फार पूर्वीपासून माहीत होतं. कळमेश्वरच्या एमआयडीसीत त्याचा पत्र्याचे पॅनल बॉक्स बनवायचा कारखाना आहे, आणि जगातली कुठलीही वस्तू तो त्याच नजरेनं पाहतो: पत्रा किती जाड आहे आणि गंज धरेल का. पण प्राग शहरातलं, आठ दिवस राहायचं भाड्याचं घर निवडतानाही तो तेच करील, असं वाटलं नव्हतं. चूक माझीच.

प्रवास आईच्या नावानं ठरला होता. नागपूरच्या मे महिन्यातून पळायचं आणि आईला एकदा युरोप दाखवायचा, अशी घोषणा दादानं दिवाळीत केली. आई सत्तर पार केलेली, कुहीला शेतावर राहते आणि धानाच्या बांध्या अजून स्वतः फिरून पाहते. तिचे गुडघे दुखतात. जाणारी माणसं सहा: आई, दादा, वहिनी, त्यांची मुलगी, मी आणि माझा नवरा. हॉटेल परवडणार नव्हतं, म्हणून स्वस्त घर शोधायचं ठरलं. त्यासाठी जानेवारीतल्या ओळीनं चार रविवारी हे सगळे धरमपेठेत माझ्या घरी जमले, तर्री पोहे खाल्ले आणि फोन टीव्हीला जोडून परक्या लोकांच्या झोपायच्या खोल्यांना नावं ठेवली.

त्या सभा आठवल्या की अजूनही माझं डोकं फिरतं. दादाचा पहिला प्रश्न पाण्याचा. "पाणी किती वेळ येते तिथं? बोअर आहे का?" दुसरा पार्किंगचा, गाडी नसताना. वहिनी प्रत्येक न्हाणीघराचा फोटो मोठा करून त्यात बादली शोधायची. बादली कुठंच नव्हती. मग ती ओट्याकडे वळायची. शेगडी काचेची आहे, त्यावर फुगते का पोळी, आपण आपला तवा नेऊ. भाचीला फक्त खिडकी हवी होती, आणि खिडकीतून काहीतरी असं दिसायला हवं होतं की मैत्रिणी जळतील. माझा नवरा ज्यांनी ज्यांनी त्या घरांना शिव्या घातल्या होत्या, तेवढ्यांचेच अभिप्राय मोठ्यानं वाचायचा. "इथे एकानं लिहिलंय, उशा फार सपाट आहेत." घरी हा माणूस उशीशिवाय झोपतो.

मी यांच्यात नव्हते. मी कॉलेजात मराठी शिकवते, चार पुस्तकं वाचलेली आहेत, आणि घर कसं असावं याची माझी एक साधी, सुसंस्कृत कल्पना होती: लोखंडी कठड्याची छोटी बाल्कनी, तिथं एक खुर्ची, हातात कॉफी, समोर जुन्या शहराची लाल कौलं. यात हावरेपणा काही नाही, असं मी स्वतःला सांगत होते. हावरेपणा होता तो बादलीत.

तिसऱ्या रविवारी एका इमारतीत दोन घरं सापडली. मालक एकच, एक म्हातारे गृहस्थ. खालचं घर जमिनीलगत, सहा जणांचं. खिडक्या आतल्या चौकात उघडणाऱ्या, आणि त्या चौकात कचऱ्याच्या रंगीबेरंगी पेट्या ओळीनं मांडलेल्या. वरचं घर तिसऱ्या मजल्यावर, पाच जणांचं, लिफ्ट नाही. भाडं जवळपास सारखंच. आणि वरच्याला बाल्कनी होती. लोखंडी कठड्याची, खुर्चीसकट.

मालकाला विचारू म्हणेपर्यंत दादानं फोन तोंडासमोर धरलाही होता. मराठीत बोललं की फोन इंग्रजी करून पाठवतो, याचा त्याला नवा नवा अभिमान होता. "नमस्कार. आम्ही सहा जण मे महिन्यात येऊन राहिलो. आमची आई बी येऊन राहिली. तिच्या गुडघ्याले तरास आहे, म्हणून तिले खालचं घर पाहून राहिलो."

फोननं त्याचं काय केलं ते मी नंतर वाचलं. आम्ही सहा जण मे महिन्यात येऊन त्यांच्या घरी राहिलो होतो. आमची आईही आली होती, आणि ती राहिली. खालच्या घरात आम्ही तिला पाहत राहिलो.

दहा मिनिटांत उत्तर आलं. अतिशय सभ्य आणि अतिशय घाबरलेलं. आपण आल्याची माझ्याकडे नोंद नाही. आपली आई अजून आत आहे का? मी शेजारणीला किल्ली देऊन बघायला पाठवतो आहे.

"माणूस चांगला आहे," दादा म्हणाला. "आईची चौकशी करून राहिला."

मी हसले, पण ते चांगलं हसणं नव्हतं. वीसेक वर्षं मी वर्गात हेच सांगत आले होते, की बाबांनो, तुम्ही ज्याला 'येऊन राहिलो' म्हणता ते 'येतो आहोत' असतं; 'राहणे' म्हणजे मुक्काम करणे, नाहीतर मागे उरणे. आणि माझा सख्खा भाऊ हे वाक्य घेऊन थेट युरोपात गेला होता. मी त्याला सगळ्यांसमोर व्याकरण शिकवलं. वहिनी पोह्यांची ताटं उचलायच्या निमित्तानं आत गेली. दादानं ऐकून घेतलं आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

"तूच लिही वं बाई. तुले समजते त्यातलं."

मी लिहिलं. स्वच्छ इंग्रजीत माफी मागितली, कुणी आत नाही असं कळवलं, आणि दोन्ही घरं एक आठवडा राखून ठेवायची विनंती केली. म्हाताऱ्याचं उत्तर आलं, की आपल्या सुंदर भाषेमुळे फार हायसं वाटलं. ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा.

चौथ्या रविवारी निकाल लावायचा होता. दादा म्हणाला, "आईसाठी चाललो ना आपण? मंग खालचंच." त्याला बाल्कनी दिसतच नव्हती. मी म्हटलं, आठ दिवस कचऱ्याच्या पेट्या बघायला एवढ्या लांब जायचं का? भाची माझ्या बाजूनं होती, तिच्या कारणासाठी. नवरा म्हणाला, वरच्या घराच्या उशांबद्दल कुणाची तक्रार नाही. मग मी म्हणाले ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं: "आणि आई तिथं येऊन करणार काय? तिला तिकडचं काही कळणार नाही, खाणं चालणार नाही. तिला कुहीतच बरं वाटतं. आपणच उगाच तिला ओढतोय."

"तिलेच विचार," दादा म्हणाला.

मी फोन लावला. स्पीकरवर नव्हता, कानाशी होता. आई अंगणात तुरीच्या शेंगा वाळवत बसली होती. मी म्हटलं, "आई, तिथलं घर वरचं मिळतंय. तीन जिने आहेत. लिफ्ट नाही. तुझं कसं?"

"तीन?"

"तीन."

मागे कोंबड्या ओरडत होत्या. मग आई म्हणाली, "मी राहीन ना वं. माह्यी चिंता नको करू."

फोन ठेवून मी सगळ्यांना सांगितलं, आई राहते म्हणाली.

दादानं मान वर केली. "राहते म्हणजे?"

"राहते म्हणजे राहते. तिकडेच, कुहीला. मराठी तू मला शिकवू नकोस."

त्यानं टीव्हीतून फोनची वायर काढली. मी जे म्हणते ते वाक्य तसंच असणार, यावर त्याचा विश्वास होता. संध्याकाळच्या आत मी मालकाला लिहिलं: वरचं घर घेतो, माणसं पाच, आई येणार नाहीत. म्हाताऱ्यानं आईंच्या गुडघ्यांना आराम पडो असं कळवलं. त्यानंतर तीन आठवडे मी आईला फोनवर बाकी सगळं विचारलं. शेंगा, कोंबड्या, दुधाचं काय. प्रवासाचं काही निघालं नाही, आणि मी काढलं नाही.

फेब्रुवारीत मी वर्षाचे तांदूळ आणायला कुहीला गेले. फाटक उघडं होतं, घरात कुणी नव्हतं. मागच्या बाजूनं गच्चीवर जाणारा सिमेंटचा जिना आहे, कठडा नसलेला. त्या जिन्यावर आई होती. लुगडं खोचलेलं, एक हात भिंतीला, आणि पायात पांढरे शुभ्र स्पोर्ट्स शूज. ती एकेक पायरी मोजत उतरत होती. खाली आली, मला पाहिलं, हातानंच थांब म्हणाली आणि वळून पुन्हा वर चढायला लागली. वर पोचली, थोडा दम घेतला, पुन्हा खाली आली, आणि मग पायरीवर बसली.

"तीन म्हणली होती ना तू," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी एकातच जीव गेला होता. आता तीन होऊन राहिले. सकाळी तीन, संध्याकाळी तीन." मग पाय पुढे करून बूट दाखवले. "हे बाजारातून आणले. चप्पल सटकते."

मी म्हटलं, "आई, तू तर राहीन म्हणाली होतीस."

"हाव मंग. राहीनच ना. वरचं असो की खालचं असो, तुम्ही ठेवान तिथं राहीन मी. माह्यापायी तुमचं घर काहून खराब करता?"

मला ते ऐकून धक्का बसला असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. तिचं ते वाक्य फोनवर ऐकलं त्याच क्षणी मला त्याचे दोन्ही अर्थ दिसले होते. दोन अर्थ एका वाक्यात बघणं हे तर माझं पोट भरायचं साधन आहे. त्यातला बाल्कनीवाला अर्थ मी उचलला आणि व्याकरणाचा दंडुका दाखवून भावाला गप्प केलं. चार रविवार मी ज्या माणसांकडे तुच्छतेनं पाहत होते, त्यांतल्या एकानंही आईला गाळायचा विचार केला नव्हता. वहिनी बादली शोधत होती ती आईसाठीच, तिला बसून अंघोळ करता येईल म्हणून, हेही मला तिथं, त्या जिन्याशी उभं राहून कळलं. माझी मलाच किळस आली.

"आई," मी म्हणाले, "मी पाचच जणांचं घर घेतलं. तू राहिलीस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी पाढा चुकला की पाहायची, तसंच. रागावलेली नव्हती. तिला वाटलं, माझी जीभ घसरली.

"राहिली नाही वं," ती म्हणाली. "येऊन राहिली म्हणावं."

आणि बुटाची नाडी घट्ट करून ती पुन्हा उठली. ती वर जात होती तोवर मी म्हाताऱ्याला लिहिलं, की वरचं नको, खालचं अजून मोकळं आहे का? ती दुसऱ्यांदा उतरत असताना उत्तर आलं. मोकळंच होतं, ते घर फारसं कुणी मागत नाही. फक्त त्याला एक विचारायचं होतं. आई येणार होत्या, मग येणार नव्हत्या. आता नक्की काय?

माझ्या स्वच्छ इंग्रजीतलं एकही वाक्य मला सुचेना. मी दादासारखा फोन तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "आमची आई येऊन राहिली."

फोननं त्याचं काय केलं ते मी वाचलं नाही. तसंच पाठवलं.