वजनकाट्यावर आईची गाडी

आईची गाडी चढावर थरथरायची. सपाटीवर लोण्यासारखी चालायची, पण पुलाच्या चढावर वेग कमी झाला की खालून कोणीतरी धरून हलवल्यासारखी हलायची. एकदा असं झालं तेव्हा मागे कंटेनर होता आणि बाजूच्या सीटवर माझा भाऊ. आई घाबरली नाही. भाऊ घाबरला. संध्याकाळी घरात ठराव झाला की गाडी विकायची. त्यानेच मांडला, त्यानेच अनुमोदन दिलं. मी चळवळीत आहे, मला असले ठराव लांबून ओळखू येतात.

आईचा डावा गुडघा बदललेला आहे. कारखान्यात लाइनवर उभं राहून राहून तो गेला, आणि त्याबद्दल कंपनीने निवृत्तीच्या दिवशी तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिला क्लच दाबता येत नाही. म्हणून तिने स्वतःच्या फंडातून क्लच नसलेली जुनी गाडी घेतली, साठीच्या तोंडावर शिकली, आणि त्यानंतर 'जरा सोडतोस का रे मला' हे वाक्य तिच्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. दर रविवारी लाइनवरच्या मैत्रिणींना घेऊन ती वाकडच्या मॉलमध्ये जाते. त्या विकत काही घेत नाहीत. सरकत्या जिन्याने वर जातात, खाली येतात, फुकटचा एसी खातात.

"कॅब करून देत जाऊ की तुला," भाऊ म्हणाला. रविवारी गिऱ्हाईक येणार हेही त्याने सांगून टाकलं. आई उठून भांडी घासायला लागली. ती अशी भांडी घासायला लागली की मला पत्रक काढावंसं वाटतं.

आधी मी सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, या गिअरबॉक्सचं तेल आजीवन असतं, ते बदलायचं नसतं. थरथरतेय म्हणजे गिअरबॉक्सच बदलावा लागेल.

"आजीवन म्हणजे कोणाच्या जीवनभर?"

"मॅडम, कंपनीचं तसं म्हणणं आहे."

"म्हणजे गिअरबॉक्स मेला आणि तेल जिवंत आहे?"

त्याने मला कॉफीचं मशीन दाखवलं.

मग कुरुळीचा आमचा मेकॅनिक. काडीसारखा बारीक, आणि हात चालतात त्याच्या दुप्पट तोंड चालतं. "ताई, ह्यात गिअर नसतातच," तो म्हणाला. "दोन पुल्या आणि मधी पोलादी पट्टा. पुल्या मिटतात-उघडतात, पट्टा वर-खाली सरकतो. सगळी पकड तेलावर. तेल म्हातारं झालं की पट्टा घसरतो, मग थरथर."

"मग ते आजीवन का म्हणतात?"

"वॉरंटी संपेस्तोवरचं आजीवन, ताई."

हे वाक्य मी तिथल्या तिथे चोरलं. पुढच्या पत्रकात वापरणार आहे.

त्याने जुनं तेल काढलं. काळंकुट्ट, करपलेल्या भाजीच्या वासाचं. मग याच गिअरबॉक्सचं म्हणून मिळतं ते नवीन तेल भरलं. यात तेल मोजायला पट्टी नसते. खाली एक बोल्ट असतो, तो उघडायचा आणि जास्तीचं तेल आपोआप गळू द्यायचं. त्याने बोल्ट उघडला, तेल लगेच वाहिलं. "फुल्ल," तो म्हणाला. आई पुलावर गेली आणि गाडी आधीपेक्षा जास्त थरथरली.

चूक गॅरेजच्या फरशीची होती. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून तिला रस्त्याकडे उतार दिलेला. गाडी कलून उभी, त्यामुळे तेल पोटात पुरेसं जायच्या आधीच बोल्टातून बाहेर. गाडी पाणसळीत उभी पाहिजे, नाहीतर बोल्ट खोटं बोलतो. झालं. शनिवारी दुपारभर आम्ही गवंड्याची पाणसळ घेऊन गावात सपाट जमीन शोधत फिरलो. विश्वास ठेवा, सापडली नाही. अंगणांना उतार, पार्किंगला उतार, शाळेच्या मैदानालासुद्धा उतार. एवढी विकासाची फलकबाजी आणि एक गाडी सरळ उभी करायला जागा नाही.

"काटा," आई म्हणाली. "ट्रकचा वजनकाटा. त्याला सपाट असावंच लागतं."

बरोबर होतं, आणि म्हणूनच मला नको होतं. त्या काट्याच्या दारात उभी राहून मी पत्रकं वाटली होती. काटा मुद्दाम कमी दाखवतो, जादा भरलेले ट्रक त्याच्या जिवावर शाळेवरून जातात, असं ठळक अक्षरांत. काट्याचे मालक म्हणजे गावातलं जुनं घराणं. पूर्वी त्या जागेवर त्यांचा कांदा असायचा. मी काट्यावर बसणाऱ्या मालककाकांकडे गेले आणि सरळ सांगितलं, काका, काटा हवाय, आणि पत्रक मी मागे घेणार नाही.

"कोन म्हनलं मागं घे?" काका म्हणाले. "वाचलंय म्या. अक्षर न् अक्षर वाचलंय. शुद्धलेखन चांगलं हाय तुझं. आना गाडी सकाळच्याला."

रविवारी सकाळी गाडी काट्यावर चढली. चारही चाकांखाली एकाच मापाचे लाकडी ठोकळे सरकवले, पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. आईने ब्रेक दाबून इंजिन सुरू केलं आणि दांडा एकेका खाचेत सावकाश नेऊन परत पार्किंगमध्ये आणला, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं. मागे दोन ट्रक येऊन थांबले. मेकॅनिकने गाडीला जोडलेल्या मोबाइलवर तेलाचं तापमान बघितलं, ते हवं तेवढं आल्यावर हँडब्रेक तपासला, अजून तेल भरलं आणि गाडीखाली शिरायला काट्यावर आडवा झाला.

काट्याच्या खांबावर लाल आकड्यांची भलीमोठी पाटी आहे. तिच्यावरचा आकडा टुणकन वर उडाला.

"पचास किलो," ट्रकवाला ओरडला. "अरे भाई, घरपे खाना नहीं देते क्या?"

हे ऐकलं आणि आईने एकदा पाटीकडे, एकदा मागच्या ट्रकवाल्यांकडे पाहिलं.

"काकू, आता उतरा तुम्ही," गाडीखालून आवाज आला. "गाडी हलायला नको."

"मी नाही उतरणार."

"अहो, बोल्ट उघडायचाय."

"उघड की. मी श्वास घेत नाही. पण उतरणार नाही."

मी हसून हसून तिथेच काट्यावर बसले. काका हसले. ती उतरली की आकडा तिच्या वजनाएवढा खाली येणार, हे ट्रकवाल्यांना कोणीतरी समजावून सांगितलं, मग तेही हसले. आई मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून पुतळ्यासारखी. बोल्ट उघडला. तेलाची धार आली, बारीक झाली, थेंब थेंब झाली. "आत्ता फुल्ल," मेकॅनिक म्हणाला, यावेळी जरा हळू.

ठोकळे काढेपर्यंत भाऊ बाइकवरून आला. मागे गिऱ्हाईक. घराला कुलूप दिसल्यावर शेजाऱ्यांनी त्यांना इकडे पाठवलेलं. गिऱ्हाईक वाकडचा, सोसायटीत राहणारा, कपड्यांना इस्त्री केलेला सभ्य मुलगा.

"हे काय चाललंय?" भाऊ म्हणाला.

"बस मागे," आई म्हणाली. "तुम्हीही बसा."

काट्याला दोन्ही बाजूंनी चढ असतो. आई खाली उतरली, वळसा घालून परत आली आणि चढावर मधोमध थांबली. मागे ट्रक. भावाच्या मानेची शीर मला बाहेरून दिसत होती. आईने ब्रेकवरून पाय उचलला. मी कान देऊन उभी, गाडी खोटं बोलतेय का ते ऐकत. नाही. गाडी सुळकन वर आली आणि माझ्याशेजारी काट्यावर येऊन थांबली.

गिऱ्हाईक काच खाली करून म्हणाला, "मस्त आहे की. घेतो मी."

एवढं सगळं करून आम्ही गाडी विकायलाच तयार केली होती.

"विकायची होती ती थरथरणारी," आई म्हणाली. "ही नाही."

"आई, अगं, शब्द दिलाय मी त्यांना."

"तू दिलास ना? मग तुझी बाइक दे."

भाऊ तोंड उघडून बसला आणि मग, खरं सांगते, तोही हसायला लागला. गिऱ्हाईक बिचारा म्हणाला, असू दे काकू, मी कॅब बोलावतो.

"कॅब कशाला? वाकडलाच जायचंय मला. मैत्रिणींना घेऊ वाटेत, तुम्ही जरा सरकून बसा."

आणि गाडी पलीकडच्या उतारावरून खाली उतरून गेली. मागच्या काचेत भावाचं डोकं, दोन्ही हातांनी पुढची सीट धरलेली. मी हात हलवत राहिले. फार वेळ हलवत राहिले बहुतेक, कारण मागून ट्रकवाले मोठ्याने काहीतरी वाचत होते.

मी वर पाहिलं. काट्यावर आता मी एकटीच होते. पाटीवर लाल आकडा. तो मी इथे लिहिणार नाही.

काका खिडकीतून डोकावले. शांतपणे चष्मा पुसला, आकडा पाहिला, मग मला पाहिलं.

"पोरी, तुझ्या पत्रकापरमानं आमचा काटा कमी दाखवतो, व्हय ना?" ते म्हणाले. "मंग खरं वजन किती धरायचं?"